पंखेवाली आणि पोकळ पोटाची

मंडळी, आजचा विषय गाड्या. ज्यांच्या लेखी गाडी म्हणजे चार चाकं आणि एक हॉर्न, त्यांनी (मामी, हे तुम्हालाच) इथूनच रजा घेतली तरी राग नाही. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, जरा लांबण लागणार आहे.

झालं असं की कॉव्हेंट्रीला असलेल्या आमच्या पुतण्याने घरच्या ग्रुपवर एक प्रश्न टाकला. "काका, पंचवीस-तीस कोटी मिळाले तर ॲस्टन मार्टिन व्हॅल्कीरी घ्याल की गॉर्डन मरेंची टी.५०?" पाच मिनिटांत सगळ्यांची मतं आली. वहिनींनी एफडी म्हटलं, मेव्हण्याने बाणेरला फ्लॅट म्हटलं. मी मात्र दोन दिवस गप्प होतो. कारण प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. उभं आयुष्य टूलरूममध्ये धातू कापण्यात गेलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

आधी ओळख करून देतो. दोन्ही गाड्या इंग्लंडच्या. व्हॅल्कीरी वॉरिकशायरमधल्या गेडनची. तिथेच कुंपणापलीकडे जग्वार लँड रोव्हरचं मोठं इंजिनिअरिंग केंद्र आहे, आणि ती कंपनी २००८ पासून आपल्या टाटांची, म्हणजे शेजारी ओळखीचेच. टी.५० ही सरे परगण्यातली. दोन्हींच्या पाठीत व्ही-१२ इंजिन, तेही टर्बो वगैरे न लावता नुसत्या श्वासावर चालणारं. आणि गंमत म्हणजे दोन्ही इंजिनं कॉसवर्थ या एकाच कंपनीने घडवलेली. १९५८ साली माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ यांनी दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून काढलेली कंपनी. १९६७ सालच्या तिच्या डीएफव्ही या इंजिनाने पुढे फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती जिंकल्या. आजवर इतक्या शर्यती जिंकणारी इंजिनं फार थोडी.

तर एकाच लोहाराच्या भट्टीतून निघालेल्या या दोन तलवारी. पण धरणारे हात अगदी वेगळे.

व्हॅल्कीरी ही एड्रियन न्यूई यांच्या डोक्यातली. विल्यम्स, मॅक्लारेन आणि रेड बुल अशा तीन संघांना जगज्जेत्या गाड्या देणारा माणूस, अजूनही ड्रॉइंग बोर्डवर पेन्सिलीने रेघा मारणारा. (आमच्या वेळचे ड्राफ्ट्समन हे वाचून हळहळतील.) गॉर्डन मरे हे मूळचे डर्बनचे, १९६९ मध्ये इंग्लंडला आले, ब्रॅबमच्या गाड्या आखल्या, आणि १९९२ मध्ये जगाला मॅक्लारेन एफ१ दिली. ती नुसती १०६ बनली आणि तीन माणसं बसणारी, मधोमध चालक असलेली ती गाडी १९९५ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यतही जिंकून गेली. न्यूई १९९७ मध्ये मॅक्लारेनला गेले तेव्हा मरे तिथेच, पण दुसऱ्या विभागात होते. एकाच छपराखाली काही वर्षं काढलेल्या या दोघांनी पुढे एकाच इंजिनवाल्याकडून इंजिनं घेऊन एकमेकांच्या उलट उत्तरं काढली, हे मला फार आवडतं.

आता पोकळ पोटाची, म्हणजे व्हॅल्कीरी.

हिच्यात आधी हवेसाठी जागा आखली आणि मग उरलेल्या जागेत माणसं बसवली. गाडीच्या तळाला दोन्ही बाजूंनी प्रचंड बोगदे आहेत. हवा त्यातून धावते, तिचा दाब पडतो, आणि गाडी रस्त्याला चिकटते. विमानाचा पंख उलटा करून पोटाखाली बांधावा तसं काहीतरी. हे बोगदे मोकळे राहावेत म्हणून आत बसणाऱ्याचे पाय कमरेच्या उंचीला उचलून ठेवावे लागतात, आपल्या आरामखुर्चीत पाय पसरतो तसे. आसन सरकत नाही, ते गाडीच्या कार्बन फायबरच्या सांगाड्यालाच जडवलेलं. तुम्ही हलायचं नाही, पेडल आणि स्टिअरिंग तुमच्याकडे येणार. स्टिअरिंग काढून हातात घेता येतं, नाहीतर आत शिरायलाच अडचण. मागची काच नाही, बाहेरचे आरसे नाहीत, त्यांच्याऐवजी कॅमेरे.

इंजिन साडेसहा लिटरचं, २०६ किलोचं, एकटंच सुमारे १००० हॉर्सपॉवर देणारं, तेही मिनिटाला साडेदहा हजार फेऱ्यांना. वर विजेची मोटर आहे, दोन्ही मिळून साडेअकराशेच्या आसपास. आणि हे इंजिन गाडीत "ठेवलेलं" नाही, तेच गाडीचा मागचा अर्धा सांगाडा आहे. मागचं सस्पेन्शन, गिअरबॉक्स सगळं इंजिनालाच बोल्ट केलेलं. ही युक्ती फॉर्म्युला वनमध्ये रुजली ती १९६७ च्या लोटस ४९ मुळे, म्हणजे त्याच डीएफव्ही इंजिनामुळे. त्यामुळे अर्थातच इंजिनाचा प्रत्येक हादरा आणि प्रत्येक किंकाळी थेट बसणाऱ्याच्या कण्यात. आवाज इतका की आत बसताना हेडसेट लावतात. पंचवीस कोटींची गाडी, आणि कानात बोळे!

वजन वाचवण्याचा ध्यास तर विचारू नका. पुढच्या नाकावरचा कंपनीचा पंखांचा बिल्ला नेहमीसारखा मीनाकारीचा नाही, तर ७० मायक्रॉन जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा. माणसाच्या केसापेक्षा पातळ. मी आयुष्यभर मायक्रॉनमध्ये बोललोय, पण बिल्ल्यासाठी मायक्रॉन मोजणारं गिऱ्हाईक मला भेटलं नाही :) आणि एवढं करूनही, "किलोमागे एक हॉर्सपॉवर" हा २०१६ सालचा मूळ संकल्प रस्त्यावरच्या गाडीत तंतोतंत उतरला नाही. वजन साडेबाराशे किलोच्या पुढेच गेलं. मला यात कमीपणा वाटत नाही. कागदावरचं वजन आणि काट्यावरचं वजन यांत किती अंतर असतं, ते ज्याने एकदा तरी एखादी वस्तू बनवली आहे त्याला ठाऊक असतं.

आता पंखेवाली.

टी.५० चं अनावरण ४ ऑगस्ट २०२० ला झालं, तेव्हा मरेसाहेब ७४ वर्षांचे होते. नाव टी.५०, कारण ही त्यांची पन्नासावी गाडी. मागे मधोमध एक पंखा आहे, ४०० मिलिमीटर व्यासाचा. आपल्याकडच्या टेबल फॅनचं माप हेच, ४०० मिमी! फक्त हा मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत जातो.

पंख्याची गोष्ट जुनी आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७८ साली मरेंनी ब्रॅबमची बीटी४६बी काढली. तिच्या मागे एक मोठा पंखा होता, तो गाडीखालची हवा शोषून घ्यायचा आणि गाडी डांबराला जळवेसारखी चिकटायची. नियमाप्रमाणे हवेचा दाब वाढवण्यासाठी हलणारा भाग लावायला बंदी होती. मरेंचं म्हणणं, पंखा मुख्यतः इंजिन थंड ठेवायला आहे, बाकीचं ओघाने होतं :) १७ जून १९७८ ला स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पच्या शर्यतीत निकी लाउडाने ती पळवली आणि अर्ध्या मिनिटाहून अधिक अंतराने जिंकली. इतर संघांनी एवढा गदारोळ केला की ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरलीच नाही. एक शर्यत, एक विजय, आणि निवृत्ती.

बेचाळीस वर्षांनी त्याच माणसाने तोच पंखा पुन्हा लावला, पण काम जरा बदललं. जुना पंखा गाडीखालचं सगळं वारं ओढायचा. टी.५० चा पंखा फक्त आळशी हवा ओढतो. गाडीच्या तळाचा मागचा भाग वर चढत जातो, त्याला डिफ्यूझर म्हणतात. चढ जितका तीव्र, तितकी खाली ओढ जास्त. पण फार तीव्र केला तर पृष्ठभागालगतची हवा थकून सुटते आणि सगळा खेळ संपतो. हा पंखा ती थकलेली पातळ साय तेवढी काढून घेतो, म्हणून एरवी न पेलणारा चढ इथे पेलतो. त्यामुळे वर मोठाले पंख लावावे लागत नाहीत, आणि गाडी दिसायला साधी राहते. इतकी साधी, की रस्त्याच्या कडेला उभी असेल तर एखादा म्हणेल, छान आहे हो, कुठली?

आतला हिशेब पाहा. चार लिटरचं इंजिन, १७८ किलो, ६६३ हॉर्सपॉवर, आणि लाल रेघ मिनिटाला १२,१०० फेऱ्यांवर. सहा गिअर, हाताने टाकायचे. क्लच पायाने दाबायचा. कोरडं वजन, म्हणजे तेल-पाणी न भरता, ९५७ किलो. आपल्या सोसायटीत उभ्या असलेल्या स्विफ्टच्या जवळपासच. समोर टचस्क्रीनचा बाजार नाही, मध्ये काट्याचं गोल टॅकोमीटर. संगीताची सोयसुद्धा वजन करून घेतली आहे, ३.९ किलोत दहा स्पीकर. किती सेकंदांत शंभर, सर्वोच्च वेग किती, कुठल्या ट्रॅकवर किती मिनिटं, असल्या आकड्यांच्या मागे लागायचं नाही, हे मरेंनी आधीच जाहीर केलं होतं.

आणि हो, सामान! आमच्या सौभाग्यवतींनी पुतण्याला विचारलेला एकमेव प्रश्न हाच होता. टी.५० मध्ये २२८ लिटर सामान मावतं. व्हॅल्कीरीत सामान म्हणजे तुम्ही स्वतः. शिवाय टी.५० मध्ये चालक मधोमध आणि दोन्ही बाजूंना एकेक जागा. माझ्या डाव्या हाताला बायको, उजव्या हाताला मुलगी, आणि दोघींच्या सूचना स्टिरिओत. ते ३.९ किलोचं संगीत घरीच काढून ठेवलं तरी चालेल.

पुतण्याचा कौल व्हॅल्कीरीला. त्याचं म्हणणं, काका, तुम्ही भावनेत वाहवत जाताय. शर्यतीची गाडी रस्त्यावर आणायचं वचन गेली पन्नास वर्षं सगळे देतात, ते खरोखर पाळलं फक्त या गाडीने. बाकीच्या "शर्यतीवरून स्फुरलेल्या", ही सख्खी बहीण. आणि तो चूक नाही. व्हॅल्कीरीवरून बनवलेली शर्यतीची गाडी २०२५ मध्ये ल मान्सला उतरलीसुद्धा, ००७ आणि ००९ असे क्रमांक लावून. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूईसाहेब स्वतः ॲस्टन मार्टिनच्या फॉर्म्युला वन संघात दाखल झाले. संग्राहकाला अशा वंशावळी फार प्रिय.

पण चालवायला कोणती, असं विचाराल तर माझं उत्तर टी.५०, आणि त्यात मला शंका नाही. व्हॅल्कीरी जे करते ते फार मोठ्या वेगाला करते. तिचे बोगदे काम करू लागतात तेव्हा तुम्ही तुरुंगात जाण्याच्या वेगात असता. त्याखाली उरतो तो नुसता आवाज, ताठ पाठ आणि वर उचललेले पाय. टी.५० चं सुख पन्नासच्या वेगालाही मिळावं अशी तिची रचना आहे. हलकी गाडी वळणावर कशी वळते, हाताने टाकलेला गिअर कसा बसतो, ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन कसं झेपावतं. तिचं स्टिअरिंग वेगात असताना पॉवरची मदत घेत नाही, ती मदत फक्त गाडी लावताना. म्हणजे रस्ता काय म्हणतोय ते थेट तळहातात. चांगल्या फाइलने पितळ घासताना हाताला जसं कळतं, तसं असावं ते.

मग संग्राहकाने काय करावं? इथे मला खरा राग येतो.

टी.५० फक्त १००. कर सोडून किंमत २३ लाख ६० हजार पौंड. व्हॅल्कीरी बंद टपाच्या १५०, उघड्या टपाच्या ८५, आणि नुसत्या ट्रॅकवर पळवायच्या ४०, किंमत साधारण २५ लाख पौंडांपासून. दुर्मीळ कोण ते उघड आहे. त्यात टी.५० ला एफ१ चा वारसा, हाताचे गिअर, आणि व्ही-१२ चा जमाना सरत चालल्याची हळहळ. बाजाराला आणखी काय हवं? तीस वर्षांनंतरची देखभाल हाही मुद्दा आहेच. मॅक्लारेन एफ१ च्या देखभालीला नव्वदच्या दशकातला एक विशिष्ट कॉम्पॅक लॅपटॉप लागायचा आणि कंपनीला तसले जुने लॅपटॉप सांभाळून ठेवावे लागले, ही गोष्ट २०१६ मध्ये जगभर गाजली होती. गाडीचं लोखंड टिकतं, तिची बाराखडी विसरली जाते. व्हॅल्कीरीत हायब्रिडची बॅटरी, हायड्रॉलिक सस्पेन्शन, कॅमेरे. २०५५ मध्ये त्यांची भाषा बोलणारा कोण असेल? टी.५० मध्येही इलेक्ट्रॉनिक्स आहेच, पण गिअरची दांडी दुरुस्त करायला सॉफ्टवेअर लागत नाही.

म्हणजे हिशेब काय झाला? पैसा गुंतवायला टी.५० बरी. आणि ज्याला पैसा गुंतवायचा असतो तो गाडी चालवत नाही. म्हणजे दोघींपैकी जी खरोखर चालवण्यासाठी जन्मली, तीच कपाटात कुलूपबंद व्हायची शक्यता जास्त. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात एका एफ१ चा लिलाव झाला, २ कोटी डॉलर्सच्या वर गेली. पंचवीस वर्षांत ती गाडी किती चालली होती? सुमारे ३९० किलोमीटर. पुणे-नाशिकला जाऊन परत येईपर्यंत तिचं आयुष्य संपलं असतं. बाजाराने तिच्या मालकाला बक्षीस दिलं ते गाडी न वापरल्याबद्दल!

ॲस्टन मार्टिनचे तेव्हाचे प्रमुख अँडी पामर यांनी २०१७ मध्येच दम भरला होता, की व्हॅल्कीरी घेऊन लगेच नफ्यात विकणाऱ्याला आमची पुढची खास गाडी मिळणार नाही. त्यांचा रोख दलालीवर होता. पण विकणाऱ्यापेक्षा मला झाकून ठेवणाऱ्याची चीड जास्त. विकली तर निदान पुढचा चालवेल तरी.

व्हॅल्कीरी झाकून ठेवली तर मी एवढा चिडणार नाही, हेही सांगतो. ती उभी असतानाही बोलते. तिच्या अंगावर हवेने केलेलं कोरीवकाम आहे. पोटाखालून आरपार दिसतं, कुठून हवा शिरली आणि कुठून सुटली ते डोळ्यांनी वाचता येतं. एखाद्या संग्रहालयात ठेवा, शाळेची पोरं आणा, त्यांना अर्ध्या तासात पुस्तकापेक्षा जास्त वायुगतिशास्त्र कळेल. टी.५० उभी केली तर ती एक छोटीशी नीटस गाडी आहे, बस. तिचं सगळं आतल्या बारा हजार फेऱ्यांत आणि तीन पेडलांत आहे. ते बंद ठेवायचं म्हणजे तंबोरा खुंटीला टांगून त्याच्या भोपळ्याचं कौतुक करायचं.

बरं, न वापरल्याने वस्तू नवी राहते हेही खोटंच. आमच्या टूलरूमचे जुने फोरमन सांगायचे, वापरातलं मशीन झिजतं आणि बिनवापरातलं मशीन सडतं. झिजलेलं दुरुस्त करता येतं. रबरी सील उभ्या उभ्या कडक होतात, टायर सपाट होतात, पेट्रोल शिळं होतं. गाडी झाकून ठेवणाऱ्यांनाही माणसं ठेवून इंजिन अधूनमधून फिरवावंच लागतं. म्हणजे खर्च आहेच, फक्त मजा तेवढी नाही.

मला या सगळ्यात आवडणारा मालक एकच, रोवन ॲटकिन्सन. हो, तुमचा-आमचा मिस्टर बीन. त्याने १९९७ मध्ये मॅक्लारेन एफ१ घेतली आणि ४१ हजार मैल, म्हणजे ६६ हजार किलोमीटर चालवली. दोनदा ठोकली. २०११ च्या अपघातानंतरची दुरुस्ती नऊ लाख पौंडांच्या वर गेली, विमा कंपनीने ती भरली, आणि हा गृहस्थ दुरुस्त झालेली गाडी पुन्हा चालवू लागला. २०१५ मध्ये विकली तेव्हा ८० लाख पौंड आले. म्हणजे चालवूनसुद्धा कुणी भिकेला लागत नाही. वर ६६ हजार किलोमीटर खिशात, ते कुठल्याच लिलावात मिळत नाहीत.

पुतण्याला मी शेवटी तेच कळवलं. टी.५० घ्यायची, आणि पहिल्याच आठवड्यात तिला एक बारीकसा ओरखडा पाडून घ्यायचा, म्हणजे ती जपण्याची भीती संपली. त्यावर त्याचं उत्तर आलं, "काका, ओरखडा पाडायला तुम्हाला इकडे यायची गरज नाही, गाडी पुण्यात आणा, सोसायटीच्या गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर काम होईल." सौभाग्यवतींचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. २२८ लिटरमध्ये लोणच्याच्या बरण्या किती बसतात ते कुणी मोजून सांगेल का?